वॉकमन परत परत टेप गुंडाळतोय? पट्टा बदलून थांबू नका

ज्यांचा जुना वॉकमन दर थोड्या दिवसांनी टेप आत ओढून रोलरला गुंडाळतो, दुकानात नेला की पंधरा दिवस बरा चालतो आणि मग परत तेच, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्याकडे चार महिन्यांत तीन वेळा झालं. दोनदा दुरुस्तीनंतर वाटलं की आता झालं काम, आणि तिसऱ्या वेळी जी कॅसेट आत अडकली ती माझ्या आजीच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट होती, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आता नोव्हेंबरपासून एकदाही अडकलेला नाही म्हणून काय काय केलं ते सगळं सविस्तर सांगते, थोडं लांबेल.

प्लेयर आहे १९९४ सालचा, काकांनी मस्कतहून आणलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, ऑटो रिव्हर्स नाही, रेकॉर्डिंग नाही, अगदी साधा. कंपनी कुठली का असेना आमच्याकडे सगळ्याला वॉकमनच म्हणायचे. मी तेव्हा पुण्याला शिकायला होते, कराड-पुणे एसटी, खिडकीची सीट मिळाली की पिशवी पायाशी आणि हा मांडीवर. साठच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे अर्धा तास, कराड स्टँडवर सुरू केली की साताऱ्याच्या आसपास दोन्ही बाजू संपायच्या, उंब्रज, नागठाणे ही गावं माझ्या डोक्यात अजून त्या त्या गाण्यासकट बसलीयत. खंबाटकी चढताना गाडीचा आवाज एवढा व्हायचा की व्हॉल्यूम पूर्ण करावा लागायचा आणि नेमके तिथेच सेल उतरायचे, गायिकेचा आवाज हळूहळू जाड जाड होत जायचा, मग सेल काढून तळहातावर चोळायचे, जागा बदलून परत घालायचे, अजून एखादं गाणं निघायचं. पुढे-मागे करायला सेल फार खातो म्हणून ते काम पेनने, षटकोनी पेन कॅसेटच्या दातांत कसा घट्ट बसायचा ते ज्यांनी केलंय त्यांच्या बोटांना अजून आठवत असेल. धाकटा भाऊ बरोबर असला की हेडफोनचा एक कान त्याचा आणि एक माझा, डोक्याला डोकं लावून कात्रजपर्यंत.

सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आला, किंमत ३३,००० येन, आणि त्याला हेडफोनची दोन भोकं होती. एक केशरी बटण पण होतं, दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. म्हणजे दोघांनी मिळून ऐकायचं हा विचार पहिल्या दिवसापासून होता. हे मला अलीकडे कळलं आणि खूप बरं वाटलं, कारण मी एकटीने ऐकलेली गाणी विसरलेय पण भावाबरोबर ऐकलेली एकही नाही.

असो, मुद्द्यावर येते. मागच्या एप्रिलमध्ये आईच्या ट्रंकेत ती कॅसेट सापडली. मामाने १९९१ मध्ये घरच्या टेपरेकॉर्डरवर आजीला ओव्या म्हणायला लावलं होतं, नव्वदची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. माळ्यावरून वॉकमन काढला, सेल घातले, प्ले दाबलं, मोटारीचा घूं आवाज येतोय पण काही हलत नाही.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवला. तिथले काका म्हणाले, "ताई, पट्टा वितळलाय, बाकी मशीन सोन्यासारखं आहे." पट्टा म्हणजे मोटारीचं फिरणं आतल्या चाकांपर्यंत नेणारं गोल रबर. पट्टा बदलून त्यांच्याकडच्या कॅसेटवर लावून दाखवला, छान वाजला. मी घरी आणून आधी बाजारात विकत घेतलेल्या जुन्या कॅसेट ऐकल्या, सगळं ठीक. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा गुंडाळलं. परत नेला, रोलर साफ करून दिला, तीन आठवडे ठीक आणि मग दुसऱ्यांदा. परत रोलर घासून दिला. आता चांगला चालतोय म्हणून जुलैमध्ये मी आजीची कॅसेट घातली. पहिल्या बाजूची पस्तीसेक मिनिटं आई आणि मी ऐकत बसलो होतो, आणि एकदम आवाज चिरकला आणि बंद.

आता इथे पहिली गोष्ट, टेप अडकली की काय करायचं नाही. रिवाइंड दाबू नका, कॅसेट ओढून काढू नका, दोन्हीने टेप ताणली जाते नाहीतर तुटते. आधी सेल काढा. मग झाकण उघडून कॅसेट जेवढी सैल होते तेवढीच उचला, आणि मागचं कव्हर काढून आतलं मोठं चाक, फ्लायव्हील, बोटाने उलटं फिरवा. टेप त्या चाकाच्या स्टीलच्या दांडीला ज्या दिशेने गुंडाळली गेली त्याच्या उलट ती आपोआप सुटत जाते. मला वीस मिनिटं लागली, आईने टॉर्च धरला होता. चुरगळलेला भाग बोटांनी हलकेच सपाट करून पेनने आत घेतला आणि चार दिवस तसाच घट्ट गुंडाळून ठेवला. इस्त्री वगैरे करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. वळी थोडी राहते, तिथे अर्धा सेकंद आवाज दबतो, पण ओवी शाबूत आहे.

मग मी बसून विचार केला की हे वारंवार का होतंय, कारण प्रत्येक वेळी दुरुस्त करणाऱ्याने खोटं काही केलेलं नव्हतं. पट्टा खरंच वितळला होता, रोलर खरंच मळला होता. पण टेप नक्की चालते कशी हे मी समजून घेतलं आणि मग उलगडा झाला.

बहुतेकांना वाटतं की कॅसेटमधली चक्री, जिच्यावर टेप गुंडाळलेली असते, ती टेप ओढते. तसं नसतं. प्ले दाबलं की एक स्टीलची बारीक दांडी, कॅपस्टन, आणि तिच्यावर दाबून बसणारा काळा रबरी रोलर यांच्या चिमटीत टेप सापडते आणि दांडी फिरेल तशी पुढे सरकते, सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. फिलिप्सने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली तेव्हापासून हाच वेग. उजवीकडच्या चक्रीचं काम फक्त पुढे आलेली टेप गोळा करणं. विहिरीवर एकजण दोर ओढतो आणि दुसरा मागे उभा राहून वेटोळं करतो तसं समजा, दुसऱ्याचा हात थांबला तरी पहिला ओढतच राहतो आणि दोराचा ढीग पायात येतो. वॉकमनमध्ये तो ढीग रोलरमध्ये जातो. म्हणजे टेप गुंडाळली जाते तेव्हा बहुतेक वेळा गुन्हा गोळा करणाऱ्याचा असतो, आणि आपण दुरुस्त करत बसतो ओढणाऱ्याला.

या गोळा करणाऱ्या चक्रीला एक अडचण असते. रिकामी असताना तिला भराभर फिरावं लागतं आणि भरत जाईल तसं हळू, कारण टेपचा वेग तर ठरलेला. म्हणून तिच्या खाली एक घसरता क्लच असतो, दोन चकत्यांमध्ये लोकरीसारखी नमद्याची पातळ चकती आणि वरून स्प्रिंग. ती चकती झिजली, तेलकट झाली किंवा स्प्रिंग मऊ पडली की चक्रीचा जोर कमी होतो. रिकाम्या चक्रीला कमी जोरसुद्धा पुरतो, पण चक्री भरून मोठी झाली की तेवढ्याच जोरात टेपला मिळणारी ओढ कमी होते. त्यामुळे क्लच कमजोर असेल तर टेप बाजू संपत येताना गुंडाळली जाते, सुरुवातीला नाही. मी आठवून पाहिलं तर माझ्याकडे तिन्ही वेळा शेवटच्या दहा मिनिटांत झालं होतं! आणि दुकानात तपासताना कुणी पूर्ण बाजू वाजवून बघत नाही, दोन मिनिटं वाजली की ओके.

तर तुमच्याकडे काय होतंय ते आधी बघा. बाजू संपताना अडकते का सुरुवातीलाच, एकाच कॅसेटला होतं का सगळ्यांना. सगळ्यांना आणि कुठेही होत असेल तर रोलर बघा, तो चकचकीत कडक झाला असेल किंवा त्यावर तपकिरी थर असेल तर टेप चिकटते किंवा वरखाली चढते. शेवटाला होत असेल तर क्लच. एकाच कॅसेटला होत असेल तर मशीन सोडा, कॅसेट उघडा.

क्लच तपासायची सोपी पद्धत अशी. कॅसेट न घालता झाकण उघडं ठेवून प्ले दाबा आणि कॅसेटच्या उजव्या चक्रीत बसणारी दातेरी फिरती दांडी (स्टीलची कॅपस्टन नव्हे) दोन बोटांनी हलकेच धरा. बोटांना स्पष्ट ओढ जाणवली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच फिरायला लागली पाहिजे. किती ओढ म्हणजे बरोबर हे सांगणं कठीण, म्हणून चांगला चालणारा दुसरा प्लेयर मिळाला तर त्याच्याशी तुलना करा. मी भावाच्या प्लेयरला हात लावला आणि मग माझ्याला, फरक एवढा होता की विचारायची गरजच नव्हती, माझी दांडी नुसता श्वास लागला तरी थांबेल अशी. दोन्हींत सेल नवे असू द्या, नाहीतर तुलना फसते.

उघडायला घड्याळवाल्यांचे बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतात. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, स्क्रू कुठला कुठे ते कागदावर चिकटपट्टीने चिकटवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. माझ्या मॉडेलमध्ये क्लच उघडता येत होता. आतली नमद्याची चकती जुन्या ग्रीसने तुपकट झाली होती, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, टिपकागदावर दाबून, दोनदा केल्यावर स्वच्छ झाली. स्प्रिंग चिमट्याने अगदी किंचित ताणली. जास्त ताणू नका, ओढ फार झाली तर टेप ताणली जाते आणि सूर डगमगतो, नव्वदच्या कॅसेटची टेप आधीच साठच्यापेक्षा पातळ असते, साठची साधारण १८ मायक्रॉन आणि नव्वदची १२. एकशेवीसची तर ९, ती जुन्या वॉकमनमध्ये मी घालणारच नाही. काही मॉडेलमध्ये क्लच सीलबंद प्लास्टिकचा असतो, तिथे बंद पडलेला तसाच दुसरा प्लेयर शोधून त्याचा भाग काढणं हाच मार्ग, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, तिथे भंगारात अजून येतात.

पट्ट्याबद्दल थोडं, कारण सुरुवात तिथूनच होते. जुने पट्टे दोन तऱ्हेने जातात, काही सैल पडतात आणि काही चक्क डांबर होतात, बोटाला लागलं की दोन दिवस निघत नाही. हातमोजे घाला आणि पुलीच्या खाचेतला कणन् कण काढा, थोडासा राहिला तरी नवा पट्टा तिथे उड्या मारतो. माप घ्यायला पट्ट्याच्या वाटेने शिवणाचा दोरा फिरवा, त्याची लांबी मोजा आणि त्यातून पाचेक टक्के कमी करा, तेवढ्या घेराचा पट्टा मागा. घरातलं नोटांना लावायचं रबर लावू नका, त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, गाणं बोटीत बसल्यासारखं हलतं.

रोलर आणि हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा चकचकीत तुकडा, पुसायला आमच्याकडे पूर्वी कोलनवॉटर वापरायचे, घरभर वास यायचा, पण त्यातला सुगंधी अंश मागे राहतो, त्यापेक्षा ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल घ्या, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे सहज मिळतं. हेड आणि स्टीलची दांडी त्यानेच पुसा, कापसाच्या काडीवर तपकिरी डाग यायचा बंद होईपर्यंत. रबरी रोलरला मात्र थोडकंच, पटकन पुसून लगेच कोरडा करा. आवाज थरथरत असेल तर कानाने दोषी ओळखता येतो. रोलर साधारण एक सेंटीमीटर व्यासाचा असतो, घेर तीन सेंटीमीटरच्या थोडा वर, म्हणजे तो सेकंदाला साधारण दीड वेळा फिरतो. सूर त्या तालात हेलकावे खात असेल तर रोलर वाकडातिकडा झालाय. स्टीलची दांडी त्याच्या कितीतरी पट भराभर फिरते, तिथे काही चिकटलं असेल तर हेलकावा न वाटता सूर खरखरीत लागतो.

आता कॅसेट. माझ्याकडे अर्धं दुखणं इथेच होतं, आणि हे कुणी सांगत नाही. षटकोनी पेन किंवा पेन्सिल घालून चक्री हाताने फिरवून बघा. चांगली कॅसेट बोटभर जोराने फिरते. आजीची एका ठिकाणी अडखळत होती. म्हणजे बाजारातल्या कॅसेट हलक्या होत्या म्हणून कमजोर क्लचवर पण बराच वेळ चालत होत्या, आणि ही जड होती. दोन अर्धे बिघाड एकत्र आले की एक पूर्ण बिघाड होतो, आणि एकेकटा तपासला की दोन्ही पास होतात. माझा प्लेयर दुकानात बरा आणि घरी आजारी का असायचा याचं उत्तर एवढंच.

कॅसेट जड का होते याची कारणं साधी आहेत. टेप एकसारखी गुंडाळलेली नसते, कडा वरखाली होतात आणि कवचाला घासतात, त्यासाठी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे हाताने किंवा चांगल्या डेकवर करा, मग कॅसेट तळहातावर आडवी हलकेच आपटा, पूर्वी सगळेच करायचे. आत दोन्ही बाजूंना पातळ गुळगुळीत कागद असतात, ते दमट हवेत मुडपतात. कोपऱ्यातले छोटे रोलर जाम होतात. माझ्या कॅसेटमध्ये कागद मुडपलेला होता आणि एक रोलर फिरतच नव्हता.

पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उपाय सोपा आहे, कवच बदला. तशाच नव्वदच्या कोऱ्या किंवा नको असलेल्या कॅसेटचं कवच घ्या, आधी फोटो काढा, टेबलावर स्वच्छ कपडा घाला, पंखा बंद करा. दोन्ही चक्र्या टेपसकट एकत्र उचलून नव्या कवचात ठेवा, टेप दोन्ही कोपऱ्यांतल्या रोलरवरून आणि पुढच्या नमद्याच्या तुकड्यासमोरून गेली पाहिजे. टेपची मॅट बाजू बाहेर, म्हणजे हेडकडे, कुठेही पीळ पडला नाही ना ते बघा. तो नमद्याचा तुकडा पडलेला असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या कॅसेटमधून तांब्याच्या पट्टीसकट काढून बसवा. चिकटवलेल्या कवचाची कॅसेट असेल तर शिवणीवर कटरचं पातं हळूहळू चालवावं लागतं, टेपपासून लांब, बाहेरच्या कडेने. घाई असेल त्या दिवशी करू नका. तुटलेली टेप जोडायला साधी सेलोटेप नको, तिचा गोंद उन्हाळ्यात बाहेर पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो, जोडायची खास पट्टी ऑनलाइन मिळते.

कोकणातल्या आणि एकूणच पावसाळी भागातल्या लोकांनी कॅसेटच्या छोट्या खिडकीतून आतला टेपचा गोळा नीट बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे, ती कॅसेट प्लेयरमध्ये घालायचीच नाही, हेडवर बुरशी बसते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटला लागते. मास्क लावून, मोकळ्या हवेत, टेप कोरड्या मऊ कापडातून हळूहळू ओढत एका चक्रीवरून दुसरीवर घ्या, मग कवच बदला.

बाकीच्या तक्रारी झटपट सांगते. सेल घालूनही काहीच होत नसेल तर सेलच्या पत्र्यांवर पांढरं-हिरवं साचलंय का बघा, अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगर लावलेली काडी, साधा स्वस्तातला सेल गळला असेल तर खायच्या सोड्याची पेस्ट, नंतर अल्कोहोलने पुसून वाळवा. एका कानात आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा दोष पिनचा किंवा हेडफोनच्या वायरचा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल घातल्यावर बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर ती सेलमधल्या सर्किटची असू शकते, साधे १.२ व्होल्टचे चार्जिंगचे सेल बहुतेक प्लेयरना चालतात. आवाज दबका वाटला तर हेडचा स्क्रू पिळायच्या आधी डॉल्बीचं, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारं बटण बंद आहे ना बघा, आपल्या घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट सहसा डॉल्बीशिवायच्या असतात. आणि गाणं सुरू व्हायच्या थोडं आधी तेच गाणं बारीक ऐकू येत असेल तर तो बिघाड नाही, वर्षानुवर्षं एकावर एक बसलेल्या वेढ्यांमध्ये चुंबकी ठसा उमटतो. मला ते आवडतं. आजीच्या पहिल्या ओवीच्या आधी ती लांबून हाक मारल्यासारखी ऐकू येते.

एक कळकळीची विनंती, मोलाची कॅसेट पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा, दुसरी संधी मिळेल असं धरू नका. रेकॉर्डिंगवाला प्लेयर असेल तर चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही कान आधी तोडा. आणि दुरुस्तीनंतर नको असलेली कॅसेट घालून दोन्ही बाजू पूर्ण वाजवून बघा, मी तीन वेगवेगळ्या नव्वदच्या कॅसेट शेवटपर्यंत वाजवल्या, आणि मगच आजीची घातली.

राहिला वेग. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ऑगस्टमध्येच आई म्हणाली होती, "ओव्या तिच्याच गं, पण ही आई वाटत नाही, आवाज जाड आहे." मला वाटलं एवढ्या वर्षांनी विसर पडला असेल. पण आईला विसर पडलेला नव्हता. एक पाच मिनिटांचं विकतच्या कॅसेटवरचं गाणं फोनवरच्या त्याच गाण्याशी लावून बघितलं, ३०० सेकंदांचं गाणं वॉकमनवर ३०९ सेकंद चाललं, म्हणजे तीन टक्के हळू. मोटारीच्या मागच्या छोट्या भोकात बारीक स्क्रू असतो, काही मॉडेलमध्ये सर्किटवर असतो, तो केसभर केसभर फिरवून ३०० वर आणला. हा स्क्रू फिरवायच्या आधी पेन्सिलीने त्याच्या जागेची खूण करा, आणि हे सगळं पट्टा, क्लच, रोलर झाल्यावर, आधी नाही.

तरी आईचं म्हणणं कायम. तेव्हा लक्षात आलं की मामाचा टेपरेकॉर्डर त्या दिवशी जास्त वेगात चालला असेल, मग ती कॅसेट बरोबर वेगाच्या प्लेयरवरही हळूच वाजणार. पण किती, हे कसं कळणार, आजीचा आवाज फोनवर कुठे आहे. दोन दिवस विचार केला आणि मग हेडफोन लावून ऐकताना ओव्यांच्या मागे टिकटिक ऐकू आली. मामाकडचं लंबकाचं घड्याळ. ते अजून त्याच भिंतीवर आहे, मामा दर रविवारी चावी देतो, वेळ बरोबर दाखवतं. मामाला फोन केला, त्याने मोबाईलवर दोन मिनिटं घड्याळाचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवला. मिनिटाला १०८ टिकटिक. टेपवर मोजली तर १०५. आणि वेग लावायच्या आधी मी जे रेकॉर्डिंग केलं होतं त्यात १०२, म्हणजे तेव्हा साडेपाच टक्के खाली होतं, हार्मोनियमवर पूर्ण एक पट्टी, काळी चारचं पांढरी पाचमध्ये गेलेलं. आई बरोबर होती.

यासाठी वॉकमनचा स्क्रू परत फिरवू नका, नाहीतर बाकीच्या कॅसेट बिघडतील. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत घेतलं, स्पीडचा तो इफेक्ट ज्यात वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलतात, त्यात १.०२९ घातलं, टिकटिक मोजली, १०८.

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी काही न सांगता लावलं. ती तशीच पिठाच्या हाताने बाहेर आली आणि म्हणाली, "हां. आता आई."

दुसरी बाजू आम्ही या रविवारी ऐकणार आहोत, मामा कराडहून येतोय, तोपर्यंत ती कॅसेट सुक्या डब्यात सिलिकाच्या पुड्या घालून ठेवलीय. नमद्याच्या चकतीऐवजी कुणी दुसरं काही वापरून क्लच जमवला असेल तर जरूर सांगा, भावाचा प्लेयर पण आता बाजूच्या शेवटी कुरकुरायला लागलाय.